कासाल्स, पाब्लो

कासाल्स, पाब्लो : (२९ डिसेंबर १८७६–२२ ऑक्टोबर १९७३). जगद्विख्यात कॅटालन चेलोवादक, वाद्यवृंदसंचालक व संगीतरचनाकार. मातृभाषेत त्याचे नाव ‘पाउ’ असे होते आणि कॅटालन भाषेत या शब्दाचा ‘शांतता’ असाही अर्थ होतो. चेलोवादनाचे तंत्र त्याने मुळापासून बदलले. बाखच्या एकल चेलोसाठी रचिलेल्या व अभ्यासपाठ म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या सहा स्वीटरचना त्याने मैफलीत रुजविल्या आणि विसाव्या शतकातील चेलोवादकांच्या पुढील पिढ्यांना स्वतंत्र वादक म्हणून उभे राहण्याची वाट मोकळी करून दिली. मायदेशातील हुकूमशाहीच्या निषेधार्थ कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्याने जाहीर वादन थांबविले. त्यामुळे संगीताच्या इतिहासाबरोबरच कलावंत व राजसत्ता यांच्या संबंधांच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. त्याच्या चरित्राचे हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

वाद्याची पूर्वस्थिती : चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, गजाने वाजविण्याचे चौतारी वाद्य होय. वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो व खालच्या टोकाला असलेल्या दांडीवर ते जमिनीवर टेकलेले असते. त्याच्या तारा व्हायोलाच्या तारांपेक्षा एका सप्तकाने खाली लावलेल्या असतात. व्हायोलिनपेक्षा त्याच्या तारा बऱ्याच लांब असल्याने दोन स्वरांमधील अंतरही जास्त असते. परिणामी डाव्या हाताला वारंवार जागा बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तारेवरून बोट घसरल्याचा आवाज ऐकू येण्याचा धोका असतो. एकोणिसाव्या शतकात चेलोचे नामवंत वादक होऊन गेले. हायडन, शूमान, द्व्हॉर्झाक इत्यादींनी त्यासाठी उत्तम कंचेर्तोही लिहिले. तथापि पियानो वा व्हायोलिन यांच्या मानाने स्वतंत्र वाद्य म्हणून चेलोची प्रतिष्ठा कमीच होती. वाद्यवृंदात मंद्र स्वरांचा आधार देणे, हेच त्याचे मुख्य काम समजले जाई.

बालपण व शिक्षण : कासाल्सचा जन्म कॅटालोनियातील तारागोना प्रांतात एल बेंद्रेल या लहान गावी झाला. वडील कार्लेस हे गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक व गायकवृंदाचे प्रमुख होते. आई पिलार देफियो हिचा जन्म कॅटालन आईबापांच्या पोटी प्वेर्त रीको बेटावरील मायाग्वेस येथे झालेला होता. वडिलांकडून पाब्लोला अगदी लहानपणी गायन, पियानो, ऑर्गन व व्हायोलिन यांचे धडे मिळाले. फिरत्या वादकांच्या एका टोळीजवळ पाहिलेल्या वाद्याचे त्याला वेड लागले, तेव्हा वडिलांनी वाळलेल्या भोपळ्याचे एकतारी वाद्य त्याच्यासाठी करवून घेतले. खरा चेलो त्याने वयाच्या अकराव्या वर्षी प्रथम ऐकला. बार्सेलोनाचे चेलोशिक्षक जोसेप गार्सीआ हे एका त्रिकूटाबरोबर गावी आले होते. त्या कार्यक्रमानंतर याच वाद्याचा ध्यास मुलाने घेतला.

वडिलांच्या दृष्टीने संगीत हा पोटापाण्याचा भरवशाचा धंदा नव्हता. मुलाने सुताराच्या हाताखाली उमेदवारी करावी, असे त्यांना वाटे. आईने मात्र ठाम विरोध केला आणि १८८८ मध्ये ती त्याला घेऊन बार्सेलोनाला गेली. तेथील नगरपालिकेच्या संगीतविद्यालयात तो गार्सीआ यांच्याकडे चेलो शिकू लागला. खर्चाला हातभार म्हणून ग्रासिया भागातील काफे तोस्त या उपाहारगृहात तो रोज रात्री त्रिकूटात वाजवीत असे. आठवड्यातील एक रात्र अभिजात संगीतासाठी राखून ठेवावी, असे त्याने मालकाला पटविले. पियानोवादक व रचनाकार ईसाक आल्बेनीथ याने त्याचे वादन येथेच ऐकले आणि स्पेनच्या राजप्रतिनिधी राणी मारिया क्रिस्तीना हिचे खाजगी सचिव काउंट मॉर्फी यांच्या नावे त्याला शिफारसपत्र दिले.

सु. १८९४ मध्ये आईने ते पत्र उपयोगात आणले आणि कासाल्स माद्रिदला गेला. राणीने त्याला विद्यावेतन दिले. मॉर्फी यांनी त्याच्या सर्वसामान्य शिक्षणाकडे जातीने लक्ष पुरविले. माद्रिदच्या संगीतविद्यालयात तोमास ब्रेतोन यांच्याकडे त्याने रचनाशास्त्राचा व हेसूस दे मोनास्तेर्यो यांच्याकडे चेंबर संगीताचा अभ्यास केला. पुढील शिक्षणासाठी १८९५ मध्ये त्याला ब्रूसेल्सला पाठविण्यात आले. परंतु तेथील विद्यालयात मिळालेली वागणूक न रुचल्याने त्याने प्रवेश नाकारला व तो पॅरिसला गेला. याचा परिणाम म्हणून विद्यावेतन बंद झाले. पॅरिसमध्ये एका करमणूकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवून त्याने कसेबसे दिवस काढले आणि १८९६ मध्ये तो बार्सेलोनाला परतला. तेथे त्याला संगीतविद्यालयात अध्यापकाची व लिसेउ या प्रसिद्ध संगीतिकागृहाच्या वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादकाची जागा मिळाली.

कीर्तीचा काळ : १८९९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याचे वादन झाले आणि राणी व्हिक्टोरियासमोरही त्याने ऑझ्‌बर्न येथील निवासस्थानी चेलो वाजविला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पॅरिस येथे लामुरे वाद्यवृंदाबरोबर लालो याचा कंचेर्तो वाजवून त्याने जाणकारांना जिंकले. तेथून त्याच्या आंतरराष्ट्रीय कीर्तीला प्रारंभ झाला. १९०१ मधील अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रॅन्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगरावर एक दगड घरंगळून त्याच्या डाव्या हाताला गंभीर इजा झाली. परंतु काही महिन्यांतच हात पूर्ववत झाला. १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या निमंत्रणावरून त्याने ‘व्हाइट हाउस’मध्ये वादन केले. १९१४ मध्ये सूझन मेटकाफ या अमेरिकन गायिकेशी त्याचा विवाह झाला. १९२८ मध्ये ती दोघे विभक्त झाली.

पियानोवादक आल्फ्रेद कॉर्तो व व्हायोलिनवादक झाक तीबो यांच्याबरोबर त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्रिकूट स्थापन केले. वर्षातून काही आठवडे एकत्र येऊन केवळ आनंदासाठी वाजवावे, अशी त्यामागील मूळ कल्पना होती. १९२६–२८ या काळात या त्रिकूटाने शूबर्ट, हायडन, मेंडेल्सझोन, शूमान व बेथोव्हन यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या ध्वनिमुद्रिका आजही आदर्श म्हणून ऐकल्या जातात. मात्तेओ गोफ्रिल्लर या व्हेनिसच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बनविलेला चेलो कासाल्सने दीर्घकाळ वापरला. अधिक नामांकित वाद्ये उपलब्ध असतानाही त्याने तो बदलला नाही.

वादनतंत्रातील सुधारणा : कासाल्स शिकत होता त्या काळी गज धरलेल्या उजव्या हाताचे कोपर शरीराशी घट्ट ठेवण्याची शिस्त होती. विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक धरावयास देऊन ही सवय लावली जाई. असा जखडलेला हात गजाची पूर्ण लांबी वापरू शकत नाही व तारेवर समान दाब देऊ शकत नाही, हे कासाल्सने विद्यार्थिदशेतच ताडले. त्याने कोपर मोकळे सोडले व खांद्यापासून मनगटापर्यंतचा सर्व हात गजाच्या हालचालीत सहभागी करून घेतला.

डाव्या हाताच्या बाबतीत त्याने बोटे ताणून दूरचे स्वर गाठण्याची पद्धत प्रचारात आणली. त्यामुळे संपूर्ण हाताची जागा बदलण्याचे प्रसंग कमी झाले आणि स्वरास्वरांमधील नकोसे घसरणे टळले. बोटे तारेवर ठामपणे आपटून ठेवावीत व उचलताना तार किंचित छेडली जावी, असे तो शिकवीत असे. अशाने मंद्र सप्तकातील द्रुत स्वरपंक्तीही स्पष्ट ऐकू येतात. स्वरस्थानांविषयीही त्याची दृष्टी स्वतंत्र होती. पियानोवरील स्वरांची ठराविक उंची गजवाद्याने जशीच्या तशी स्वीकारू नये, एखादा स्वर पुढच्या स्वराकडे झुकत असेल तर तो त्या दिशेला किंचित चढा वा उतरा लावावा, असे त्याचे प्रतिपादन होते. तंत्राचे अंतिम उद्दिष्ट तंत्र जाणवू न देणे हे आहे, अशी त्याची धारणा असल्याने त्याच्या वादनात दिखाऊ कौशल्याला थारा नव्हता. गवयाने श्वास घेऊन ओळ गावी, तशी त्याची वाक्ये विराम घेत, चढउतार दाखवीत पुढे सरकत.

बाखच्या स्वीटरचना : योहान झेबास्टिआन बाख याने सु. १७२० मध्ये कटन येथील वास्तव्यात एकल चेलोसाठी सहा स्वीट रचिले. ‘स्वीट’ म्हणजे प्रारंभिका व तीनंतर येणारे विविध नृत्यप्रकारांवर आधारलेले खंड यांची मालिका होय. बाखची मूळ हस्तलिखित प्रत उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल ही प्रमुख साधनप्रतींपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकात या रचना छापल्या गेल्या होत्या व काही वादक त्यांतील एखादा खंड पियानोची साथ जोडून मैफलीत सादरही करीत. परंतु संपूर्ण स्वीट साथीविना वाजविणे रुक्ष व कंटाळवाणे होईल, अशी समजूत होती.

१८९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, कासाल्सला बार्सेलोनाच्या बंदराजवळील एका जुन्या दुकानात या स्वीटरचनांची छापील प्रत सापडली. त्यापूर्वी अशा रचना आहेत हे त्याच्या कानावरही आले नव्हते. पुढील बारा वर्षे त्याने त्यांचा रोज अभ्यास केला आणि पंचविशी गाठल्यावरच त्यांपैकी एक स्वीट संपूर्ण स्वरूपात जाहीरपणे वाजविण्याचे धैर्य केले. साथीचा आधार नसताना एका वाद्यातून अनेक स्वररेषांचा भास कसा निर्माण होतो आणि नृत्यलयीच्या सांगाड्यात किती गंभीर भाव सामावतो, हे श्रोत्यांना त्याच्या वादनाने प्रथमच प्रत्ययास आले.

या स्वीटरचना ध्वनिमुद्रित करण्यास तो दीर्घकाळ राजी नव्हता. अखेर १९३६ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये दुसरा व तिसरा, १९३८ मध्ये पॅरिसला पहिला व सहावा आणि १९३९ मध्ये तेथेच चौथा व पाचवा स्वीट त्याने मुद्रित केला. या तारखा लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिल्या मुद्रणाच्या वेळी स्पेनमधील यादवी युद्धाला चार महिने झाले होते व शेवटच्या मुद्रणाच्या वेळी ते युद्ध संपून कासाल्स देशोधडीला लागला होता. सहाही स्वीटांचे हे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण होय. पुढे बरोक संगीताच्या ऐतिहासिक वादनपद्धतीचा अभ्यास वाढला, तेव्हा कासाल्सची लय फार मोकळी व भावदर्शन स्वच्छंदतावादी वळणाचे आहे, असा आक्षेप घेण्यात आला. तो निराधार नाही. मात्र ज्या रचनांच्या योग्य सादरीकरणाविषयी हा वाद चालतो, त्या प्रत्येक चेलोवादकाच्या संग्रहातील अपरिहार्य रचना ठरल्या, त्या कासाल्समुळेच.

बार्सेलोनातील वाद्यवृंद : पहिल्या महायुद्धानंतर कासाल्सने आपले लक्ष मायभूमीकडे वळविले. ‘पाउ कासाल्स वाद्यवृंद’ या त्याने उभारलेल्या संस्थेचा पहिला कार्यक्रम १९२० च्या ऑक्टोबरमध्ये बार्सेलोना येथे झाला. शहरातील प्रतिष्ठितांनी आरंभी उपेक्षा केली. तेव्हा वादकांना पुरेसे वेतन देता यावे म्हणून येणारी तूट त्याने कित्येक वर्षे स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नातून भरून काढली. हा वाद्यवृंद हळूहळू यूरोपातील चांगल्या वाद्यवृंदांत गणला जाऊ लागला. शनबेर्ख, वेबर्न यांसारख्या नव्या वळणाच्या रचनाकारांनाही संचालनासाठी निमंत्रणे दिली गेली.

या कार्यातील अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे १९२६ मध्ये स्थापन झालेली कामगारांची संगीतसंस्था. तिचे सभासदत्व ठराविक मर्यादेपेक्षा कमी वेतन असलेल्या कामगारांपुरते राखून ठेवलेले होते व वर्गणी नाममात्र होती. रविवारी सकाळी त्यांच्यासाठी वाद्यवृंदाचे खास कार्यक्रम होत. संस्थेचा कारभार कामगारच पाहत. तिचे स्वतःचे नियतकालिक, वाचनालय व संगीतशाळा होती. कामगारांना तिकिटे फुकट वाटण्यास कासाल्सचा विरोध होता. आपल्या पैशाने, आपल्या संस्थेत, आपल्या हक्काने ते संगीत ऐकत आहेत ही जाणीव त्यांना असावी, असा त्याचा आग्रह होता. १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, तेव्हा याच वाद्यवृंदाने बेथोव्हनची नववी सिंफनी सादर करून तिचे स्वागत केले.

यादवी युद्ध व परागंदा जीवन : १८ जुलै १९३६ रोजी सायंकाळी बार्सेलोनात नवव्या सिंफनीचीच तालीम चालू असताना लष्करी बंडाची वार्ता येऊन पोहोचली. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाल्याचे व सभागृह ताबडतोब सोडावे लागणार असल्याचे कळले. कासाल्सने वादकांना व गायकांना विचारले आणि निरोप घेण्यापूर्वी सर्वांनी मिळून अखेरचा समूहगीताचा खंड पूर्ण केला. त्यानंतर हा वाद्यवृंद पुन्हा कधीही एकत्र आला नाही.

यादवी युद्धाच्या काळात कासाल्सने परदेशांतील मैफलींचे उत्पन्न युद्धग्रस्तांसाठी दिले. ऑक्टोबर १९३८ मध्ये लिसेउ संगीतिकागृहात मुलांच्या मदतनिधीसाठी त्याने वादन केले. मध्यंतरात त्याने नभोवाणीवरून लोकशाही राष्ट्रांना स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या मदतीस येण्याचे आवाहन केले. बार्सेलोनातील तो त्याचा अखेरचा कार्यक्रम ठरला. २६ जानेवारी १९३९ रोजी शहर फ्रँकोच्या सैन्याच्या हाती गेले. सुमारे पाच लाख लोक सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले व त्यांतील बहुसंख्य लोकांना समुद्रकाठच्या उघड्या वाळूवर काटेरी तारांच्या छावण्यांत राहावे लागले.

कासाल्सने फ्रान्सच्या हद्दीतील कॅटालन भाषिक प्रदेशात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्राद या लहानशा गावी मुक्काम केला. तेथे राहून तो छावण्यांतील निर्वासितांना अन्न, कपडे व पैसे पाठवी, त्यांच्या पत्रांना उत्तरे लिही व मदतीसाठी मैफली करी. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर बोर्दोहून अमेरिकेला जाण्याचा त्याने प्रयत्न केला. पण ज्या जहाजाने जावयाचे होते ते बुडाल्यामुळे तो प्रादला परतला. जर्मन सत्तेच्या काळात बर्लिनला येऊन वादन करण्याची त्याला विनंती करण्यात आली. ती त्याने नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यापासून, १९३३ सालीच, त्याने जर्मनीतील सर्व निमंत्रणे नाकारण्यास प्रारंभ केला होता.

वादनाचा त्याग : युद्धसमाप्तीनंतर जून १९४५ मध्ये कासाल्स लंडनला गेला. तेथील ॲल्बर्ट हॉलमध्ये श्रोत्यांनी त्याचे उत्स्फूर्त स्वागत केले. हिटलर व मुसोलिनी यांच्यापाठोपाठ त्यांचा मित्र असलेल्या फ्रँकोची सत्ताही विजयी राष्ट्रे टिकू देणार नाहीत, अशी इतर स्पॅनिश निर्वासितांप्रमाणे त्याचीही अपेक्षा होती. ही अपेक्षा फोल असल्याचे त्याच वर्षाच्या अखेरीस स्पष्ट होऊ लागले. तेव्हा त्याने इंग्लंडमधील पुढील कार्यक्रम रद्द केले, ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांनी देऊ केलेल्या सन्मान्य पदव्या नाकारल्या आणि फ्रँकोच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या कोणत्याही देशात जाहीर वादन न करण्याचा निर्णय घेतला. त्यावेळी त्याला एकोणसत्तरावे वर्ष चालू होते. कलावंताच्या हाती दुसरे शस्त्र नाही, अशी त्याची भूमिका होती.

या निर्णयाची किंमत मोठी होती. वाद्यवादकाला वार्धक्यातील प्रत्येक वर्ष मोलाचे असते. परिश्रमाने टिकविलेली बोटांची शक्ती मैफलीविना वाया जाण्याचा धोका त्याने पत्करला. अमेरिकेतून येणारी भरघोस मानधनाची निमंत्रणेही त्याने परत पाठविली. प्रादमध्ये तो रोज सकाळी पियानोवर बाखच्या रचना वाजवी, चेलोचा सराव करी, काही विद्यार्थ्यांना शिकवी आणि निर्वासितांचा पत्रव्यवहार सांभाळी.

त्याचे मौन ज्या रीतीने संपले तीही वैशिष्ट्यपूर्ण होती. कासाल्स जगाकडे जात नसेल, तर जगाने त्याच्याकडे यावे, असे अमेरिकेतील त्याच्या चाहत्या संगीतकारांनी ठरविले. यात व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर याचा पुढाकार होता. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून जून १९५० मध्ये प्रादच्या चर्चमध्ये बाख महोत्सव भरला. आयझॅक स्टर्न, योझेफ सिगेती, रूडोल्फ झेर्किन, क्लारा हास्किल, मिएचिस्लाव्ह होर्शोव्ह्‌स्की प्रभृती कलावंत त्यासाठी आले. कासाल्सने चेलोवादन केले व वाद्यवृंदाचे संचालनही केले. फ्रान्सने फ्रँकोच्या राजवटीशी संबंध ठेवलेले असल्याने काटेकोर अर्थाने ही त्याच्या निश्चयातील सवलत होती. मात्र निर्वासितांच्या सान्निध्यात व त्यांच्या साहाय्यार्थ होणारे वादन त्याला आपल्या भूमिकेशी सुसंगत वाटले. हा महोत्सव पुढे प्रतिवर्षी होऊ लागला. व्हिशी राजवटीशी सहकार्य केल्यामुळे दुरावलेला जुना सहकारी कॉर्तो हाही १९५८ मध्ये येथे त्याच्याबरोबर वादनासाठी बसला.

प्वेर्त रीकोतील वास्तव्य : १९५५ च्या अखेरीस कासाल्सने आईच्या जन्मभूमीला प्रथम भेट दिली व लवकरच तेथे स्थायिक होण्याचे ठरविले. १९५७ मध्ये त्याच्या नावाचा संगीतमहोत्सव तेथे सुरू झाला. त्याच्या तालमीच्या वेळी त्याला हृदयविकाराचा झटका आला, तथापि तो बरा झाला. त्याच वर्षी आपली तरुण शिष्या मार्ता मोन्तान्येस हिच्याशी त्याने विवाह केला. प्वेर्त रीकोचा सिंफनी वाद्यवृंद (१९५८) व संगीतविद्यालय (१९५९) यांच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता.

२४ ऑक्टोबर १९५८ रोजी, संयुक्त राष्ट्रदिनी, त्याने न्यूयॉर्क येथे राष्ट्रसंघाच्या आमसभागृहात वादन केले. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून ‘व्हाइट हाउस’मध्ये त्याचा कार्यक्रम झाला. अमेरिकेने १९५३ मध्ये फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केलेला होता आणि १९५५ मध्ये स्पेनला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्वही मिळाले होते. त्यामुळे या दोन्ही कार्यक्रमांवरून कासाल्सच्या निश्चयाविषयी प्रश्न उपस्थित झाले. या मैफली राजवटींसाठी नसून शांततेच्या व लोकशाहीच्या आकांक्षेसाठी आहेत, असे त्याने स्पष्ट केले. अमेरिकेतील व्यावसायिक मैफलींचा जुना क्रम त्याने पुन्हा सुरू केला नाही. स्पेनमध्ये राहण्यासाठी तर तो अखेरपर्यंत परतला नाही.

संगीतरचना : रचनाकार म्हणून कासाल्सची कीर्ती वादकाच्या मानाने मर्यादित आहे. कॅटालोनियातील मोन्सेरात येथील मठाच्या गायकवृंदासाठी त्याने धार्मिक गीतरचना केल्या व चेलोंच्या समूहासाठी ‘सारदाना’ या कॅटालन लोकनृत्यावर आधारित रचना लिहिली. जोआन आलाबेद्रा या सहनिर्वासित कवीच्या काव्यावरील ‘एल पेसेब्रे’ (गव्हाणी) ही त्याची सर्वांत मोठी कृती. जागतिक युद्धाच्या काळात प्राद येथे आरंभिलेल्या या ऑरेटोरिओचा पहिला प्रयोग डिसेंबर १९६० मध्ये मेक्सिकोतील आकापुल्को येथे झाला. १९६२ पासून शांततेच्या प्रचारार्थ कासाल्सने अनेक देशांत तिचे प्रयोग केले. तिची शैली एकोणिसाव्या शतकाच्या परंपरेतील आहे. समकालीन नव्या संगीताविषयी त्याला फारशी आस्था नव्हती. शनबेर्खने अठराव्या शतकातील एका रचनेवरून खास त्याच्यासाठी तयार केलेला कंचेर्तो त्याने जाहीरपणे कधी वाजविला नाही. उलट इंग्रज रचनाकार डॉनल्ड टोव्ही याने परंपरेला धरून लिहिलेला दीर्घ कंचेर्तो त्याने १९३४ मध्ये एडिंबरो येथे प्रथम सादर केला.

परागंदा झाल्यापासून मैफलीच्या अखेरीस ‘पक्ष्यांचे गीत’ हे नाताळचे कॅटालन लोकगीत चेलोवर वाजविण्याचा त्याचा प्रघात होता. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्याने संयुक्त राष्ट्रांसाठी स्वतः स्वरबद्ध केलेल्या स्तोत्राचे न्यूयॉर्क येथे संचालन केले. डब्ल्यू. एच्. ऑडन या कवीने त्याचे शब्द लिहिले होते. सरचिटणीस ऊ थांट यांच्या हस्ते त्याला शांतता पदक देण्यात आले. या प्रसंगीही त्याने तेच लोकगीत वाजविले.

शिष्यशाखा : ग्विल्येर्मीना सूजा, गास्पार कासादो, मॉरिस आयझनबर्ग इ. नामवंत चेलोवादक त्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. उत्तरायुष्यात स्वित्झर्लंडमधील झेरमाट आणि अमेरिकेतील बर्कली व मार्लबरो येथे त्याने घेतलेले वर्ग विशेष गाजले. १९६० मध्ये जॅकलिन द्यू प्रे ही झेरमाटच्या वर्गात उपस्थित होती. नक्कल करणारा विद्यार्थी त्याला आवडत नसे. एकच स्वरवाक्य दोनदा आले, तर दुसऱ्या वेळी ते निराळे वाजले पाहिजे, हे तो वारंवार सांगे.

मूल्यमापन : २२ ऑक्टोबर १९७३ रोजी सान ह्वान येथे कासाल्सचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रँको मरण पावला व स्पेनमध्ये लोकशाही परतली. नोव्हेंबर १९७९ मध्ये कासाल्सचा देह एल बेंद्रेल येथे आणून त्याचे दफन करण्यात आले. तेथील सान साल्वादोर या समुद्रकाठच्या भागातील त्याच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे.

त्याच्या त्यागाने फ्रँकोची सत्ता एक दिवसानेही कमी झाली, असे म्हणता येत नाही. राष्ट्रांची धोरणे एका वादकाच्या मौनाने बदलत नाहीत. त्याच्या निश्चयाला काही अपवाद घडले, हेही खरे. तथापि ज्या काळात कलेला राजकारणाचे काही कर्तव्य नाही असे सांगून अनेक थोर संगीतकारांनी हुकूमशहांच्या दरबारी हजेरी लावली, त्या काळात कासाल्सने स्वतःच्या वादनालाच पणाला लावले. असा नकार दखल घेण्याजोगा ठरतो, तो नकार देणाऱ्याची कला मोलाची असते तेव्हाच. आणि ती कला त्याने बारा-बारा वर्षांच्या अभ्यासाने कमावलेली होती. प्रादच्या चर्चमध्ये १९५० साली जमलेल्या श्रोत्यांमध्ये सीमेपलीकडून आलेले, घरदार गमावलेले कॅटालन निर्वासितही होते. आपली भाषा व आपले राष्ट्रगीत मायदेशात बंदीत असताना आपल्या माणसाचा चेलो त्यांनी तेथे ऐकला. कासाल्सच्या निश्चयाचे प्रत्यक्ष फळ इतकेच होते व त्याला ते पुरेसे वाटले.